घाव एनपीआरवर, जखम गावच्या रेडिओला: अमेरिकेतल्या पब्लिक रेडिओचं नेमकं झालं काय?

१६ जुलै २०२५. अलास्कात दुपारचे साडेबारा वाजून गेले होते. सँड पॉइंट हे बेटावरचं छोटंसं मासेमारीचं गाव. त्याच्याजवळ समुद्रात ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लगेच त्सुनामीचा इशारा निघाला. लोकांना समुद्रापासून लांब, उंचावर जायला सांगण्यात आलं. सुदैवाने लाट नावापुरतीच आली आणि पुढे इशारा मागे घेतला गेला.

त्याच वेळी तिकडे वॉशिंग्टनमध्ये सिनेटमध्ये एका विधेयकावर खल चालला होता. पब्लिक रेडिओ आणि पब्लिक टीव्हीसाठी आधीच मंजूर झालेले १.१ अब्ज डॉलर परत घ्यायचे की नाही, हा मुद्दा होता. अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कोव्स्की स्वतः रिपब्लिकन, म्हणजे ट्रम्प यांच्याच पक्षाच्या. पण त्यांनी या भूकंपाचं उदाहरण देत सांगितलं की आमच्याकडे असे इशारे लोकांपर्यंत पोहोचवण्याचं काम ही रेडिओ केंद्रंच करतात, त्यांचे पैसे काढू नका. त्यांनी मांडलेली दुरुस्ती फेटाळली गेली. मध्यरात्र उलटल्यावर विधेयक ५१ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झालं.

बातम्यांत मथळे झळकले ते 'एनपीआरला ट्रम्प यांचा दणका' असे. समर्थकांनी टाळ्या वाजवल्या, विरोधकांनी गळा काढला. पण हा दणका बसला कुणाला, हे बघायचं तर अमेरिकेतला पब्लिक रेडिओ चालतो कसा, हे आधी समजून घ्यावं लागतं. आणि त्याची सगळ्यात सोपी वाट जाते तिथल्या टॉक शोमधून.

महापौरांना फोन लावा

न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूएनवायसी नावाचं रेडिओ केंद्र आहे. १९२४ साली सुरू झालेलं, तेव्हा चक्क महापालिकेच्या मालकीचं. १९४५ मध्ये पेपर वाटणाऱ्यांचा संप झाला आणि शहरात वर्तमानपत्रं मिळेनात. तेव्हा महापौर ला ग्वार्डिया या केंद्रावर आले आणि त्यांनी मुलांसाठी पेपरातल्या चित्रकथा अगदी आवाज काढून वाचून दाखवल्या. न्यूयॉर्कर हा किस्सा अजून सांगतात. १९९० च्या दशकात महापालिकेने हे केंद्र एका ना-नफा संस्थेला विकलं.

याच केंद्रावर १९८९ पासून ब्रायन लेहरर यांचा शो चालतो. सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते बारा. एखादा विषय घ्यायचा, एखादा पाहुणा बोलवायचा आणि फोन खुले करायचे. विषय घरभाड्याचा असेल, शाळाप्रवेशाचा असेल, इस्रायल-गाझाचा असेल, नाहीतर नव्या पुस्तकाचा. बिल डी ब्लासिओ महापौर असताना काही वर्षं दर शुक्रवारी या शोमध्ये येत. कुणीही फोन करून विचारावं की आमच्या गल्लीतला बर्फ का उचलला नाही, आमची बस का येत नाही. महापौर उत्तर द्यायचे. न आवडणारे प्रश्नही येत आणि लाइव्ह कार्यक्रमात 'नंतर बोलू' म्हणायची सोय फारशी नसते. या शोला २००७ चा पीबॉडी पुरस्कार मिळाला. लोकांमध्ये फूट पाडण्याऐवजी त्यांना जोडणारा रेडिओ, असं त्याचं कौतुक झालं.

दुसरं टोक म्हणजे 'फ्रेश एअर'. फिलाडेल्फियाच्या डब्ल्यूएचवायवाय केंद्रावर टेरी ग्रोस १९७५ पासून हा कार्यक्रम करतायत. इथे फोन नाहीत. एक पाहुणा आणि लांबलचक मुलाखत. लेखक, नट, गायक, शास्त्रज्ञ, राजकारणी असे सगळे येतात. गंमत म्हणजे बहुतेक वेळा पाहुणा दुसऱ्याच शहरातल्या स्टुडिओत बसलेला असतो आणि दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं. असे आणखी बरेच शो आहेत. बॉस्टनच्या डब्ल्यूबीयूआरवर मेघना चक्रवर्ती 'ऑन पॉइंट' चालवतात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरच्या विशेष प्रसारणातून तो शो जन्माला आला. वॉशिंग्टनच्या डब्ल्यूएएमयूवर डायन रीम यांचा शो काही दशकं चालला. आवाजाचा आजार जडून त्यांचा स्वर कापरा झाला, तरी २०१६ पर्यंत त्या माईकसमोर बसत राहिल्या. त्यांच्या जागेवर '१ए' हा शो आला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे थोडं परकं वाटेल, कारण आपल्याकडे रेडिओवर असं काही ऐकायची सवयच उरलेली नाही. आकाशवाणीवर शेतीचे, आरोग्याचे फोन-इन कार्यक्रम असतात. पण दर आठवड्याला महापौरांना फोन लावून जाब विचारा, असं काही नाही. खासगी एफएमला तर स्वतःच्या बातम्या द्यायचीच परवानगी नाही. २०११ च्या धोरणानुसार त्यांना फक्त आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. ट्रॅफिक, हवामान, क्रिकेटचा स्कोअर चालतो, बजेटवर चर्चा चालत नाही. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं होतं. त्या निकालपत्राच्या लेखकांपैकी एक होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत. दूरसंचार नियामक ट्रायने २०२३ मध्ये खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस केली. म्हणजे यूट्यूबवर कुणीही दिवसभर राजकारणावर बोलू शकतो, पण परवाना घेतलेल्या खासगी रेडिओवर नाही. तो वेगळाच विषय आहे. पण अमेरिकेत काय पणाला लागलंय, हे कळायला ही तुलना उपयोगी पडते.

एनपीआर म्हणजे अमेरिकेची आकाशवाणी नाही

इथेच बहुतेकांची गफलत होते.

आकाशवाणी ही प्रसार भारतीची. मुंबई केंद्र असो की सांगली केंद्र, मालक एकच. एनपीआर म्हणजे नॅशनल पब्लिक रेडिओचं तसं नाही. तिच्या कार्यक्रमांचं देशभर प्रसारण करणारी केंद्रं तिच्या मालकीची नाहीत. ती वेगवेगळ्या विद्यापीठांची, स्थानिक ट्रस्टची, कुठे शाळा मंडळाची, कुठे आदिवासी समुदायाची. एनपीआर कार्यक्रम बनवते, इतर केंद्रांनी बनवलेले वाटते आणि केंद्रं ते पैसे देऊन विकत घेतात. 'फ्रेश एअर' सगळे एनपीआरचा म्हणून ओळखतात, पण तो बनतो फिलाडेल्फियाच्या केंद्रात. एनपीआर फक्त वितरक.

आता पैशांचं बघू. १९६७ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी पब्लिक ब्रॉडकास्टिंग कायद्यावर सही केली. मुळात सगळी तयारी फक्त टीव्हीसाठी चालली होती. रेडिओवाल्यांनी शेवटच्या टप्प्यात धडपड करून आपलं नाव त्यात घुसवलं. टाइप केलेल्या मसुद्यात 'आणि रेडिओ' हे शब्द चिकटपट्टीने लावले गेले, असं सांगतात. या कायद्यातून कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग, म्हणजे सीपीबी, ही संस्था उभी राहिली. सरकारने थेट रेडिओ केंद्राच्या हातात पैसे ठेवले तर उद्या सरकार बातम्याही सांगेल, ही भीती होती. म्हणून मध्ये ही संस्था. पुढे सीपीबीचे पैसे दोन वर्षं आगाऊ मंजूर करायची पद्धत पडली, म्हणजे आजच्या बातमीचा राग उद्याच्या अनुदानावर निघू नये.

सीपीबीला वर्षाला साधारण ५३.५ कोटी डॉलर मिळत. अमेरिकेच्या लोकसंख्येने भागलं तर डोईमागे दीड डॉलरच्या आसपास. यातले ७० टक्क्यांहून जास्त पैसे थेट स्थानिक केंद्रांना जात, त्यातही मोठा वाटा टीव्हीचा. एनपीआरला थेट मिळणारा सरकारी पैसा तिच्या बजेटच्या जेमतेम १ टक्का होता.

एक टक्का. ज्या संस्थेचं नाक कापायचं म्हणून एवढा खटाटोप झाला, तिच्या बजेटमधला हा थेट वाटा.

अर्थात एनपीआरचे विरोधक म्हणतात की हा हिशेब अर्धा आहे, आणि ते खरंही आहे. एनपीआरच्या उत्पन्नातला जवळपास ३० टक्के भाग केंद्रांनी भरलेल्या फीमधून येतो आणि त्या केंद्रांच्या खिशात सरकारी पैसा असतो. म्हणजे पैसा आधी खाली जातो, मग काही अंशी वर येतो. पण कोणत्या केंद्राकडून किती? न्यूयॉर्क, बॉस्टन, सॅन फ्रान्सिस्कोची केंद्रं मोठी आहेत. त्यांचे श्रोते सुशिक्षित, पैसेवाले. वर्षातून काही वेळा ही केंद्रं कार्यक्रम थांबवून वर्गणी मागतात. गणपतीच्या वर्गणीसारखंच, फक्त पावतीऐवजी कापडी पिशवी मिळते. त्यांना सरकारी मदतीचा हिस्सा एक आकडी टक्क्यांत. डोंगरात, वाळवंटात, बर्फात जी केंद्रं आहेत, त्यांचं गणित उलटं. तिथे श्रोते कमी, दुकानं कमी, वर्गणी देणार कोण? अशा काही केंद्रांचा निम्म्याहून जास्त खर्च सीपीबीच्या पैशांवर चालत होता.

शिवाय सीपीबीची काही कामं कुणाच्या डोळ्यांत भरणारी नव्हती. रेडिओवर गाणं वाजवलं की त्याची रॉयल्टी द्यावी लागते. प्रत्येक छोट्या केंद्राने प्रत्येक संगीत संस्थेशी वेगळा करार करायचा म्हटलं तर वकिलाच्या फीतच केंद्र बुडेल. सीपीबी सगळ्यांच्या वतीने एकत्र करार करायची. कार्यक्रम देशभर पोहोचवणाऱ्या यंत्रणेचा खर्चही तिच्याकडे होता.

मग दुसरा टॉक रेडिओ फुकट कसा चालतो?

हा प्रश्न सोशल मीडियावर बऱ्याच जणांनी विचारला. तो रास्तही आहे. अमेरिकेत सरकारचा एक पैसा न घेता चालणारे टॉक शो ढिगाने आहेत आणि त्यांचे श्रोतेही कोट्यवधी.

त्यासाठी १९८७ मध्ये जावं लागतं. तोवर अमेरिकेत 'फेअरनेस डॉक्ट्रिन' नावाचा नियम होता. वादग्रस्त विषयावर बोलायचं तर विरुद्ध बाजूलाही जागा द्या, असा त्याचा अर्थ. १९८७ मध्ये तो रद्द झाला. १९८८ च्या ऑगस्टमध्ये रश लिंबॉ यांचा शो देशभर सुरू झाला. एक माणूस, एक बाजू, रोज तीन तास, प्रचंड लोकप्रियता. पुढे सहाशेच्या आसपास केंद्रं तो लावत होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रम्प यांनी संसदेतल्या भाषणातच लिंबॉ यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला.

यामागचा धंदा हुशारीचा होता. लिंबॉ यांचा शो सुरुवातीला बऱ्याच केंद्रांना फुकट मिळायचा. बदल्यात केंद्राने जाहिरातींच्या काही जागा शोच्या मालकांना द्यायच्या. केंद्राला तीन तास भरणारा कार्यक्रम आयता मिळाला आणि त्याच्यापुढे पगारी निवेदक, वार्ताहर ठेवायची गरज उरली नाही. गावोगावची केंद्रं अशा आयत्या कार्यक्रमांवर चालू लागली. आवाज गावातल्या ट्रान्समीटरवरून, पण बोलणारा न्यूयॉर्क नाहीतर फ्लोरिडातला.

पब्लिक रेडिओचं उलट. तिथे शोसाठी केंद्र पैसे मोजतं आणि जाहिरात म्हणून फक्त 'या कार्यक्रमाला अमुक कंपनीचं सहकार्य लाभलं' एवढंच म्हणता येतं. 'आजच घ्या' म्हणता येत नाही. त्यामुळे ओरडून श्रोते जमवायची गरज कमी. पण हाच मुद्दा उलटाही लागू होतो. श्रोता जाईल याची भीती नसली की आपल्यासारख्याच लोकांशी बोलत राहायची सवय लागते.

पक्षपाताच्या आरोपात तथ्य आहे का?

काही अंशी आहे, आणि ते एनपीआरच्या आतल्या माणसानेच सांगितलं.

एप्रिल २०२४ मध्ये उरी बर्लिनर यांनी 'द फ्री प्रेस'मध्ये एक लेख लिहिला. ते एनपीआरमध्ये पंचवीस वर्षं काम करणारे ज्येष्ठ संपादक होते. त्यांचं म्हणणं होतं की एनपीआरने खुलेपणा गमावलाय. त्यांनी आकडेही दिले. २०११ मध्ये २६ टक्के श्रोते स्वतःला पुराणमतवादी म्हणवायचे, २०२३ मध्ये ते ११ टक्क्यांवर आले. उदारमतवादी ३७ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेले. एनपीआरच्या संपादकांनी आरोप फेटाळले, काही सहकाऱ्यांनी लेखातल्या आकड्यांवर आक्षेप घेतला. बर्लिनर यांना परवानगीशिवाय बाहेर लिहिल्याबद्दल निलंबित केलं गेलं आणि काही दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. आरोप खोटे पाडायचा हा मार्ग नव्हता, हे सांगायला फार मोठा विश्लेषक लागत नाही.

जुनी उदाहरणंही आहेत. २००३ मध्ये फॉक्स न्यूजचे बिल ओ'रायली 'फ्रेश एअर'च्या मुलाखतीतून तावातावाने निघून गेले. तेव्हा एनपीआरच्याच ओम्बड्समनने, म्हणजे श्रोत्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, जाहीरपणे लिहिलं की मुलाखतीच्या सुराबद्दल तक्रार करणाऱ्या श्रोत्यांशी आपण सहमत आहोत. स्वतःच्या सगळ्यात लाडक्या कार्यक्रमावर स्वतःच्याच संस्थेत टीका छापून येणं, ही सोय किती माध्यमसंस्थांमध्ये असते?

मार्च २०२५ मध्ये एनपीआरच्या प्रमुख कॅथरीन मार यांना संसदेच्या उपसमितीपुढे बोलावलं गेलं. अध्यक्षस्थानी मार्जोरी टेलर ग्रीन होत्या. मार यांची नोकरीपूर्वीची ट्रम्पविरोधी ट्वीट्स बाहेर काढली गेली. त्यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. हंटर बायडन लॅपटॉप प्रकरणाला एनपीआरने वेळेत महत्त्व द्यायला हवं होतं, हेही मान्य केलं. १ मे रोजी ट्रम्प यांनी एनपीआर आणि पीबीएसला सरकारी पैसा देऊ नका, असा आदेश काढला. एनपीआर त्याविरुद्ध कोर्टात गेली.

पण आरोपात तथ्य आहे असं मानलं, तरी उपाय योग्य जागी पडतो का? पक्षपाताची तक्रार होती वॉशिंग्टनच्या न्यूजरूमबद्दल, आणि पैसे काढले गेले गावोगावच्या केंद्रांचे. त्यातली कित्येक केंद्रं ट्रम्प यांना भरभरून मतं देणाऱ्या राज्यांत आहेत.

आधी चार वेळा वाचला, मग या वेळी कसा सापडला?

सरकारी पैसा बंद करायची ही पहिली वेळ नव्हती. १९७२ मध्ये निक्सन यांनी सीपीबीच्या निधीचं विधेयक नकाराधिकार वापरून अडवलं. १९९५ मध्ये न्यूट गिंगरिच यांनी अनुदान शून्यावर आणायची भाषा केली. २०११ मध्ये तर प्रतिनिधीगृहाने एनपीआरला पैसे न देण्याचं विधेयक मंजूरही केलं, ते पुढे सरकलं नाही. २०१२ च्या प्रचारात मिट रॉम्नी यांनी 'बिग बर्ड' या पीबीएसवरच्या पिवळ्या पक्ष्याचं नाव काढलं आणि आठवडाभर चेष्टा ओढवून घेतली.

अशा प्रसंगी वाचवणाऱ्यांत ग्रामीण भागातले रिपब्लिकन नेतेही असत. अलास्काचे टेड स्टीव्हन्स हे त्यातलं मोठं नाव. त्यांना माहीत होतं की आपल्या मतदारांना वादळाची खबर कोण देतं.

या वेळी रस्ता वेगळा निवडला गेला. एरवी सिनेटमध्ये मोठा निर्णय अडवायला विरोधकांकडे फिलिबस्टरचं हत्यार असतं आणि तो मोडायला ६० मतं लागतात. पण आधीच मंजूर झालेला पैसा परत घ्यायचा असेल, तर १९७४ च्या कायद्यानुसार अध्यक्ष तसा प्रस्ताव पाठवतात आणि ४५ दिवसांच्या मुदतीत साध्या बहुमताने तो मंजूर होतो. ट्रम्प यांनी २०१८ मध्येही दुसऱ्या निधीसाठी हा मार्ग वापरून पाहिला होता, तेव्हा सिनेटमध्ये अडकला. २०२५ मध्ये परदेशी मदत आणि सीपीबी मिळून सुमारे ९ अब्ज डॉलरची एकच मोट बांधली गेली. दोन वर्षं आगाऊ मंजुरीची जी ढाल होती, तीच आता अंगावर आली. दोन वर्षांचे पैसे एका फटक्यात गेले.

विरोधात मत देणाऱ्या रिपब्लिकन सिनेटर दोनच, मर्कोव्स्की आणि मेनच्या सुझन कॉलिन्स. दक्षिण डकोटाचे माइक राउंड्स आधी का-कू करत होते. आपल्या भागातल्या आदिवासी केंद्रांना दुसऱ्या खात्यातून पैसे मिळतील, असं आश्वासन घेऊन त्यांनी बाजूने मत दिलं. प्रतिनिधीगृहात २१६ विरुद्ध २१३ असा निकाल लागला. २४ जुलैला ट्रम्प यांची सही झाली.

पुढे काय झालं?

मोठ्या शहरांत वर्गणीचा पूर आला. रागाने, प्रेमाने, लोकांनी पैसे दिले. न्यूयॉर्कचा टॉक शो चालू आहे, 'फ्रेश एअर' चालू आहे, 'ऑन पॉइंट' चालू आहे. एनपीआरने केंद्रांचा भार हलका करायला स्वतःच्या बजेटमध्ये ८० लाख डॉलरची कपात जाहीर केली. अडचणीतल्या केंद्रांसाठी काही मोठ्या धर्मादाय संस्थांनी मिळून निधी उभा केला.

तरी बऱ्याच केंद्रांत नोकऱ्या गेल्या. आणि कपात करायची वेळ आली की छोट्या केंद्राच्या व्यवस्थापकासमोर दोन आकडे असतात. एक, बाहेरून येणाऱ्या कार्यक्रमांची फी. दुसरा, गावात फिरून बातमी आणणाऱ्या वार्ताहराचा पगार. बाहेरचे कार्यक्रम दिवसाचे कित्येक तास भरून काढतात. वार्ताहर फार तर काही मिनिटं भरतो, पण पगार, गाडी, विमा सगळं लागतं. निव्वळ हिशेबाने वार्ताहर आधी जातो. एनपीआरचा आवाज नको म्हणून पैसे बंद केले आणि गावात उरला तो एनपीआरचाच आवाज, असं काही ठिकाणी व्हायची शक्यता आहे. लिंबॉ यांच्या काळात खासगी केंद्रांचं जे झालं, त्याच वाटेवर ही केंद्रंही ढकलली जातायत.

पुणेकरांना यातलं काही ओळखीचं वाटेल. जून २०२३ मध्ये प्रसार भारतीने पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून द्यायचं ठरवलं. बातमीपत्र बंद होणार नव्हतं, फक्त जागा बदलणार होती. तरी इतका गदारोळ झाला की निर्णय थांबवावा लागला. बातमी वाचणारा कुठे बसतो याने काय फरक पडतो, असं वरवर वाटतं. पण बातमी शोधणारा कुठे राहतो, याने पडतो.

पश्चिम अलास्कात बेथेल हे गाव आहे. आजूबाजूच्या डझनावारी वस्त्यांपर्यंत रस्ता नाही. उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात गोठलेली नदी, नाहीतर विमान. तिथलं केवायूके केंद्र १९७१ पासून इंग्रजीबरोबर युपिक या स्थानिक भाषेतही बोलतं. त्याच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग सीपीबीकडून यायचा. ३० सप्टेंबर २०२५ ला सीपीबीच्या बहुतेक कर्मचाऱ्यांचं काम संपलं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत हालाँग नावाच्या वादळाचं शेपूट याच किनाऱ्यावर आदळलं. किपनक आणि क्विगिलिंगॉक या गावांत घरं पायापासून उखडून पाण्यावर तरंगत गेली. शेकडो लोकांना विमानाने अँकरेजला हलवावं लागलं. अशा वेळी मदत कुठे मिळेल, पुढे काय करायचं, हे म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या भाषेत सांगणारी जागा म्हणजे तेच केंद्र.

५ जानेवारी २०२६ ला सीपीबीच्या संचालक मंडळाने संस्था कायमची विसर्जित करायचं ठरवलं. पैसा नसलेली रिकामी संस्था तशीच ठेवली तर पुढे कुणीतरी तिचा राजकीय गैरवापर करेल, असं कारण त्यांनी दिलं. संस्थेची कागदपत्रं मेरीलँड विद्यापीठाकडे जाणार आहेत.